तिच्या ताईसाठी दिलेला शब्द

ही केस विसरायचा मी फार प्रयत्न केला, पण जमलं नाही. मी इंदूरच्या पोलिसात शिपाई म्हणून भरती झालो आणि एएसआय होऊन रिटायर झालो. शिक्षण बेताचं, लिहिण्यात चुका असतील. नावं कोणाचीच देणार नाही.

आखातातल्या एका देशाच्या पोलिसांनी दिल्लीच्या नार्कोटिक्सवाल्यांना खबर दिली की इंदूरहून शेवेच्या पार्सलात नशेची पावडर येते. दिल्लीचे साहेब आमच्या थान्यात येऊन बसले. मी साध्या कपड्यांत विजय नगरच्या कुरिअरच्या दुकानात बसू लागलो. एक दिवस एक तरुण मुलगी पिशवी घेऊन आली. दुकानदार म्हणाला, "क्यों दीदी, वहां इत्ती सेव कौन खाता है?"

"इंदौरी लोग हैं भिया, सेव के बिना उनको पोहे नहीं उतरते," ती हसून म्हणाली. हसणाऱ्या माणसाचे हात सैल असतात. हिची मूठ पिशवीवर घट्ट होती. महिला शिपाई बोलावून पंचांसमोर झडती घेतली. शेवेखाली पुड्या निघाल्या.

थान्यात ती बोलेना, जेवेनाही. दिल्लीच्या साहेबांनी धमकावून पाहिलं, समजावून पाहिलं. आमचे टीआय, म्हणजे थान्याचे मुख्य साहेब, मला म्हणाले, "दादा, तुम्हारे मराठी लोगों की बच्ची है, तुम ही देखो."

मी बायकोला फोन करून वरण-भात आणायला सांगितलं. घरची बाई पाहून पोरगी सैल पडेल, हा माझा डाव. बायकोला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. ती आली ती मलाच झापत. "पोरीला उपाशी ठेवून काय विचारता? सरका तिकडे."

पोरगी चार घास जेवली आणि रडायला लागली. "काकू, मी नाव घेतलं तर ताईला मारतील." तिची मोठी बहीण घरकामाला तिकडे आखातात गेली होती. जिथे कामाला होती, तोच मालक पार्सलं मागवायचा. तिचा पासपोर्टही त्याच्याकडे. इथे इंदूरच्या परदेशीपुऱ्यात राहणाऱ्या या धाकटीला त्याचे फोन यायचे. पार्सल पाठव, नाहीतर बहीण दिसायची नाही.

"आधी ताईला काढा, मग सांगते."

मी दिल्लीच्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "हां हां, उधर लिख देंगे." एवढंच. मी आत येऊन म्हणालो, "ठरलं. ताई सुटेल."

पोरगी माझ्याकडे बघेना. "काकू, तुम्ही सांगा."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तिने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "हे वाटेल तसे बोलतात, पण खोटं बोलत नाहीत. सुटेल तुझी ताई."

पोरीने नाव, पत्ता, सगळं दिलं. तिकडच्या पोलिसांनी धाड घातली, मालक सापडला, पुढे दुसऱ्या देशांतली त्याची माणसंही सापडली. आमच्या थान्याला शाबासकी आली. बहीणही आत गेली, कारण माल तिच्या खोलीत ठेवलेला होता. दिल्लीच्या साहेबांना फोन केला तर म्हणाले, "लिखा तो था दादा. अब उनका कानून है." धाकटीला कोर्टात नेताना तिने मला एवढंच विचारलं, "काकू नाही आल्या?"

बायको अधूनमधून विचारायची, ताई सुटली का. मी म्हणायचो, तपास चालू आहे. मागल्या वर्षी दवाखान्यात डॉक्टरांनी तिची आशा सोडली, तेव्हा तिने पुन्हा विचारलं. मी म्हणालो, "सुटली."

"मग त्या पोरींच्या आईला घेऊन या. एकदा भेटते."

उद्या आणतो म्हणालो. रोज उद्याच म्हणालो. ती सुनेकडून केस विंचरून घ्यायची, दार वाजलं की उशीवरून मान उचलायची. तशी वाट बघतच गेली.

देशादेशांच्या पोलिसांनी हात मिळवल्याशिवाय हा धंदा मोडत नाही, हे मला मान्य आहे. पण वरचा साहेब "लिहू" म्हणाला, म्हणून खालच्याने "सुटेल" म्हणू नये. नवीन पोरांना मी हेच सांगतो. मुलजिमाकडून, म्हणजे आरोपीकडून, नाव काढायच्या पुष्कळ वाटा असतात. मी माझ्या बायकोचा भलेपणा वापरला.

ती ताई अजून तिकडेच आत आहे. तिच्या आईचं घर मला ठाऊक आहे. मी अजून गेलेलो नाही.