आमच्या हातचा ब्रेकर

आखाडा बाळापूर आणि कळमनुरीच्या मधे एका फाट्यावर आमचं हाटेल आहे. हाटेल म्हणजे काय, वर पत्रे, खाली दोन बाकडी, एक गॅसची शेगडी आणि भज्यांची कढई. समोरून मोठा रस्ता जातो आणि हाटेलाच्या अंगानं आमच्या गावाची वाट फुटते. रस्ता रुंद झाला, गुळगुळीत झाला, तेव्हा सगळ्यांसारखा मलाही आनंद झाला होता. धूळ कमी झाली, गिऱ्हाईक वाढलं. पण गाडी हाकायची अक्कल काही डांबरासोबत येत नाही. जो तो पुढच्याच्या बुडाला लागून पळतोय. बसच्या मागं टिप्पर, टिप्परच्या मागं पिकअप, पिकअपच्या मागं मोटरसायकलवर तिघं. मधून शेळी निघंल एवढी जागा नाही. पुढच्यानं एकाएकी ब्रेक दाबला तर आपलं काय होईल, हा विचार डोक्यात आलेला एक माईचा लाल मी या फाट्यावर बघितला नाही.

त्या वर्षी सोयाबीन निघून रानं मोकळी झाली होती. माझ्या थोरल्या जाऊबाईंची पोरगी बारावीला होती, बसनं कळमनुरीच्या कॉलेजात जायची. आमचं अंगण एक, चुली दोन, आणि ही पोरगी दोन्ही चुलींवर जेवायची. जाऊबाईंना तेवढं एकच लेकरू. दुपारची बस थांबली, पोरगी उतरली आणि तिथूनच ओरडली, "काकू, भजे हायेत का?" मी म्हणलं, "ये की, तुझ्यासाठीच टाकायले." बसला चिकटून एक रिकामा टिप्पर आला होता. बस थांबली, पण त्याला काही थांबता येईना. उजवीकडून समोरची गाडी येत होती, म्हणून त्यानं टिप्पर डाव्या अंगाला घातला. डाव्या अंगाला माणसं उतरत असतात एवढं त्या मुडद्याला कळू नये? पुढचं मी लिहिणार नाही. पिठाचे हात तसेच घेऊन मी धावले आणि माझा काही उपयोग झाला नाही.

पोरीचं दहावं-तेरावं झाल्यावर गावातली माणसं फाट्यावर ब्रेकर मागायला रस्त्याच्या ऑफिसात गेली. साहेबानं बसायला खुर्च्या दिल्या, हळहळला, आणि सांगितलं की मोठ्या रस्त्यावर असा कुठंही ब्रेकर टाकता येत नाही, ते नियमात बसत नाही, पाटी लावू. पाटी लागली. 'वाहने सावकाश चालवा.' पंधरवड्याच्या आत कोणीतरी तिलाच ठोकलं आणि ती वाकडी होऊन गवतात पडली. तेव्हा माझे थोरले दीर, ज्यांचा आवाज मी घरातसुद्धा कधी चढलेला ऐकला नव्हता, ते पारावर उठून उभे राहिले. म्हणाले, "त्यायच्यानं होत न्हाई तर ऱ्हाऊ द्या. आपणच टाकू ब्रेकर."

आणि टाकला. लग्नाच्या मांडवाला यावं तसं गाव आलं. कोणी ट्रॅक्टरभर मुरूम आणला, कोणी घराच्या बांधकामातून उरलेलं सिमेंट दिलं, बायांनी टोपली वाहिली. एका बाजूनं पोरं गाड्या अडवत होती, दुसऱ्या बाजूनं काम चाललं होतं. मी सगळ्यांना चहा करून करून थकले, पण मन भरून आलं होतं. असं कामाला जुंपलेलं गाव मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. जाऊबाई काठावर उभ्या होत्या. मधे कोणीतरी म्हणलं, "लई उंच व्हायलं, जरा कमी करू." जाऊबाई पहिल्यांदाच बोलल्या, "काहून कमी करता? उंच ऱ्हाऊ द्या. जेवढं उंच, तेवढं हळू जातेत." त्यांच्या तोंडाकडं बघून नाही म्हणायची छाती कोणाची होती? ज्या माउलीचं लेकरू गेलंय तिच्याशी विताच्या उंचीवरून कोण भांडणार? अजून दोन टोपली पडली. पांढरे पट्टे मारायचे ठरलं होतं. तोपर्यंत चुना टाकला. चाकांखाली चुना गेला, मग तुरीची काढणी आली, मग हळद शिजवायची घाई लागली, आणि पट्टे राहिले ते राहिलेच. आम्हाला कशाला हवे होते पट्टे? आमच्या माणसाला डोळे झाकून ठाऊक होतं ब्रेकर कुठं आहे.

त्यानंतर जाऊबाई रोज दुपारी हाटेलात येऊन बसायला लागल्या. आधी त्या घराबाहेर पडत नव्हत्या, जेवत नव्हत्या, विचारलं तर भिंतीकडं तोंड करायच्या. आता त्या बाकड्यावर बसून रस्ता बघायच्या. टिप्पर यायचा, जवळ आला की टायर किंचाळायचे, ड्रायव्हर आमच्या आईबापाचा उद्धार करायचा आणि मुंगीच्या पायानं पलीकडं जायचा. तेवढा वेळ त्यांचा चेहरा सैल व्हायचा. चहा समोर ठेवला तर प्यायच्या. मला वाटायचं, बराबर केलं आपण. शिव्या देणाऱ्या ड्रायव्हरला मी इथूनच चार सुनवायची. पाठ मोडली त्याची? मोडू दे. आमच्या जाऊबाई घोटभर चहा प्यायला लागल्या होत्या.

मग लग्नसराई आली. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. समोरून गरम वारा तोंडावर मारायला लागला की आमच्याकडची मोटरसायकलवाली माणसं एक करतात. मोठी गाडी गाठायची, तिच्या आडोशाला आपली गाडी घालायची आणि तसंच मागं मागं जायचं. झळ लागत नाही, पेट्रोल कमी लागतं म्हणतात. नव्या माणसाला मुद्दाम शिकवतात हे, शहाणपणा म्हणून! तसाच एक तरणा माणूस लग्नाहून परत येत होता. आमच्या इथला नव्हता, पुसेगावच्या बाजूच्या तांड्यावरचा होता. मागं बायको एका अंगाला पाय सोडून बसलेली, मांडीवर लेकरू. पुढं हळदीच्या पोत्यांचा पिकअप. पिकअपवाल्यालाही ब्रेकर माहीत नव्हता. त्याला तो अगदी जवळ आल्यावर दिसला आणि त्यानं पाय देऊन ब्रेक दाबला.

पिकअपच्या मागच्या फळीवर मोटरसायकल आदळल्याचा आवाज झाला. बाई उडून ब्रेकरवरच पडली. जाऊबाई माझ्याआधी पोचल्या. त्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि पदर दाबून धरला, पदर भिजत गेला. लेकराला मी उचललं. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. आई पडताना त्याला पोटाशी धरून पडली होती. नवरा रस्त्यावर बसून एकच बडबडत होता, "दिसलं न्हाई ओ, काहीच दिसलं न्हाई." दवाखान्याची गाडी येऊन तिला घेऊन गेली, पण ती जाऊबाईंच्या मांडीवरच गेली होती हे आम्हा दोघींना माहीत होतं.

त्या दिवसापासून जाऊबाई परत भिंतीकडं तोंड करून बसल्या. गावात कुजबुज सुरू झाली. ब्रेकर फोडला पाहिजे असं सगळ्यांना वाटत होतं, आणि ते त्यांच्या दारात जाऊन सांगायला कोणी तयार नव्हतं. शेवटी तांड्यावरची माणसंच आली. सोबत पहारी होत्या. आमची माणसं त्यांना अडवायला गेली नाहीत, उलट गावातून आणखी घण आणले. कुठून कळलं देव जाणे, जाऊबाई अनवाणी पळत आल्या आणि भर रस्त्यात ब्रेकरवर मांडी घालून बसल्या.

"माझ्या पोरीसाठी एवढं एकच झालं," त्या म्हणाल्या. "दुसरं कोणी काहीच केलं न्हाई. फोडायचं आसंल तर मला फोडा आधी."

दोन्हीकडून गाड्या तुंबल्या. हॉर्न सुरू झाले. माझं डोकंच फिरलं. मी झारा घेऊन पहिल्या गाडीपाशी गेले आणि म्हणलं, "वाजव, अजून वाजव! तुझ्यामुळंच आलंय हे सगळं!" त्या गड्यानं बिचाऱ्यानं आम्हाला काही केलं नव्हतं, पण कोणावर तरी ओरडायला पाहिजे होतं. दीर हात जोडून उभे होते, बायकोपुढं का तांड्याच्या माणसांपुढं, ते त्यांनाही कळत नसेल.

तेव्हा त्या गर्दीतून एक म्हातारी पुढं आली. मेलेल्या बाईची सासू. कडेवर तेच लेकरू. कोणाला काही न बोलता ती जाऊबाईंशेजारी, तापलेल्या सिमेंटवर बसली. लेकराला तिनं मांडीवर घेतलं. मग म्हातारी म्हणाली, "बाई, माझी सून तुझ्या मांडीवर गेली म्हणतेत. तुला भांडायला न्हाई आले मी. तुझी पोरगी गेली तवा इथं हे नव्हतं. माझी सून गेली तवा व्हतं. आता मी काय करू, तूच सांग."

जाऊबाईंनी त्या लेकराकडं बघितलं. लेकरू त्यांच्या बांगड्यांशी खेळायला लागलं होतं. त्यांनी हात काढून घेतला नाही. लेकराचं मन भरेपर्यंत तसाच धरला. मग म्हातारीच्या खांद्याला धरून उठल्या आणि बाजूला झाल्या. पहिला घण पडला तेव्हा त्यांच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी पोरगी गेली त्या दिवशीही ऐकला नव्हता. त्या दिवशी त्या रडल्याच नव्हत्या. मी त्यांना घट्ट धरून ठेवलं आणि आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला मातीत बसून रडलो. संध्याकाळपर्यंत रस्ता साफ झाला. पहिलीच गाडी टिप्पर होती, आणि ती जराही हळू झाली नाही.

जून महिन्यात माझी पोरगी अकरावीला लागली. तेच कॉलेज, तीच बस. दुसरं काय करणार? मोटरसायकलवर धाडायची माझी हिंमत नाही आणि शिकवायचं नाही असं म्हणायची तर त्याहून नाही. पहिल्या दिवशी बस यायच्या वेळेला मी हातातलं काम टाकून बाहेर आले, तर जाऊबाई आधीच कडेला उभ्या. बस थांबली. माणसं उतरायला लागली, तशा त्या चालत बसच्या मागं गेल्या आणि रस्त्यावर उभ्या राहिल्या, येणाऱ्या गाड्यांकडं तोंड करून, दोन्ही हात पसरून. मागचा टिप्पर करकचून थांबला. ड्रायव्हरनं खिडकीतून शिवी दिली. शेवटचं माणूस उतरून कडेला आलं, तेव्हा त्या बाजूला झाल्या.

मी त्यांच्यावर खूप ओरडले. "बाई, येडं लागलं का तुमाला? एखाद्या दिवशी त्याच्यानं न्हाई थांबवलं गेलं तर?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "सिमेंट न्हाई दिसत त्यायला. माणूस दिसतंय."

आता हे रोजचं झालंय. दीर समजावून थकले, आमचे हे सांगून थकले, त्या कोणाचं ऐकत नाहीत. फाट्यावरची माणसं त्यांना येडी म्हणतात. मी रोज सकाळी ठरवते, आज हाताला धरून बाकड्यावर बसवायचं, काही झालं तरी उठू द्यायचं नाही. मग दुपारी बस येते, तिच्या मागून टिप्परचा हॉर्न ऐकू येतो, आणि बसच्या दारात पायरीवर माझी पोरगी दिसते. जाऊबाई उठतात. मी त्यांना थांबा म्हणत नाही.