उलट्या हाताचे बागूलकाका

बागूलकाका कुठल्याही गोष्टीला आधी उलटा हात लावत. चहाचा कप असो, गच्चीवरची टाकी असो, नाहीतर कुणाची नुकतीच उभी केलेली स्कूटर. बोटांची मागची बाजू हळूच टेकवायची, क्षणभर डोळे मिटायचे आणि निकाल सांगायचा. नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत आम्ही सामान उतरवत होतो, तेव्हा माझ्या खांद्यावर झोपलेल्या मुक्ताच्या मानेला त्यांनी असाच हात लावला. "एकशे एक असेल. ताई, घर नंतर लावा, आधी हिला दाखवून आणा." ओळख ना पाळख, म्हटलं हे कोण मोठे लागून गेले! दवाखान्यात थर्मामीटर लावला, बरोबर एकशे एक.

काका एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी बॉयलरवर. काकू गेलेल्या, मूलबाळ नाही, गाव सटाण्याकडचं. एरवी आमच्यासारखंच बोलत, पण जीव वरखाली झाला की अहिराणी बाहेर पडे, ‘आहे’चं ‘शे’ होई. मी मोठ्या आचेवर दूध ठेवलं की शेजारच्या खिडकीतून आवाज यायचा, "ताई, काय घाई शे?" मला घाई सगळ्याचीच असते. त्यातून स्वच्छतेचं वेड. या दोन गुणांनी मी एकदा जो पराक्रम केला, तो सांगितल्याशिवाय काका कळायचे नाहीत.

मुक्ता तेव्हा आठ वर्षांची. तिची कापशी नावाची पांढरी सशीण गाभण होती. शाळेच्या दोन दिवसांच्या सहलीला जाताना मला दहादा बजावून गेली, "आई, तिच्या खोक्याला हात लावू नकोस हं." मी हो म्हटलं. संध्याकाळी बघते तर खोक्यात वाळल्या गवतात केसांचे पुंजकेच पुंजके. काय ही घाण! सगळं झाडून कचऱ्याच्या पिशवीत भरलं, खोकं धुऊन सकाळी उन्हात घालायचं म्हणून पिंजऱ्याबाहेर काढलं आणि शाबासकी घेतल्यासारखी झोपले.

जानेवारीतली सकाळ, हात पाण्यात घालवेना अशी थंडी. पिंजऱ्यात उघड्या जाळीवर पाच पिल्लं पडलेली. अंगठ्याएवढी, अंगावर केस नाही, डोळे मिटलेले, निळसर पडलेली. एकही हलत नव्हतं. आणि संध्याकाळी मुक्ता परत येणार होती.

माझी किंकाळी ऐकून काका मफलर गुंडाळतच आले. एकेकाला उलटा हात लावला.

"ठंडं शे, मरेल नही शे."

"मेली नाहीत कशी? अहो काका, हलत नाहीयेत हो!"

"गरम झाल्याशिवाय मेलं म्हणायचं नाही, ताई."

मी धावत जाऊन हेअर ड्रायर आणला, तर केवढ्यांदा ओरडले! "थंड बॉयलर एकदम तापवला तर नळ्या फाटतात. ठेवा ते!" त्यांनी स्वेटर वर केला, पाचही पिल्लं बनियनच्या आत पोटाशी घेतली आणि वरून तळहात धरला. मला बाटलीत कोमट पाणी भरून ती फडक्यात गुंडाळून आणायला लावली. मी शहाणीने ड्रॉपरमध्ये दूधही आणलं. ते त्यांनी बाजूला सारलं. "थंड पोटात दूध गेलं तर पचत नाही, आहे तो जीवही जातो. आधी ऊब, मग दूध. तेही त्यांच्या आईचंच." मग पिंजऱ्याकडे बघून म्हणाले, "पण हिने आपले केस उपटून घर केलं असेल की. ते कुठं गेलं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगितलं, पिशवी रात्रीच फाटकाबाहेर ठेवल्याचंही. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी घंटागाडी वाजली आणि मी अनवाणी पळत सुटले. भर रस्त्यात पिशवी उपडी केली आणि मटारच्या सालांतून केस वेचले. घंटागाडीवाला बघतच राहिला.

काका ओट्यावरच्या उन्हात बसून होते, जागचे हलले नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांचं पोट थरथरलं. "पेटलं!" ते ओरडले. पहिलं पिल्लू पाय झाडत होतं. मग दुसरं. तासाभरात चार. ती चौघं केसांच्या घरट्यात, बाटलीच्या शेकाला गेली. पाचवं त्यांनी दहा वाजेपर्यंत पोटाशी धरलं. ते छान गरम झालं, पण हललं नाही. काकांनी पुन्हा एकदा उलटा हात लावला आणि तसाच ठेवला. "आता म्हणा," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि माझे तर वाहतच होते.

पिल्लू पेरूखाली पुरल्यावर मी हळूच म्हटलं, "मुक्ताला चारच झाली असं सांगू या का?"

"ताई, लॉगबुकात खोटं लिहीत नसतात. पुढच्या पाळीचा माणूस त्याच्या भरवशावर काम करतो."

सांगितलं मग. झाडलोटीपासून पाचव्या पिल्लापर्यंत सगळं. मुक्ता रडली नाही, ओरडली नाही. माझ्याशी बोलायचीच बंद झाली. मी चॉकलेटं आणली, नवा पिंजरा कबूल केला, माफी मागून मागून थकले. चौथ्या दिवशी काकांनी मला कुंपणापाशी गाठलं. "थंड पोटात किती दूध पाजताय? नुसतं शेजारी बसा ना जरा." मग रोज संध्याकाळी मी पिंजऱ्याजवळ तिच्या शेजारी काही न बोलता बसू लागले. माझ्यासारखीला ते किती अवघड गेलं, माझं मला माहीत. आठवडा झाला असेल. ती पिल्लांकडे बघता बघता माझ्या खांद्यावर रेलली. "आई, बघ, डोळे उघडायला लागलेत," म्हणाली.

गेल्या हिवाळ्यात काकांची छाती भरली. दवाखान्यात आम्ही भेटायला गेलो, तेव्हा ते कोणाला ओळखत नव्हते. तो त्यांचा शेवटचा आठवडा होता. मी सवयीने घाईघाईत डबा उघडून सुपाचा चमचा पुढे केला.

"आई, थांब," मुक्ता म्हणाली. ती आता दहावीला आहे. तिने काकांचा बर्फासारखा हात स्वतःच्या स्वेटरच्या आत पोटाशी घेतला, वरून आपला तळहात धरला आणि बसून राहिली. मीही चमचा खाली ठेवून तिच्या शेजारी बसले. खूप वेळाने काकांची बोटं हलली. त्यांनी हात बाहेर काढला, सावकाश उलटा केला, तिच्या गालाला टेकवला आणि क्षणभर डोळे मिटले.

"गरम शे," ते म्हणाले.