विझलेला दिवा

मुक्या सिनेमाच्या दिवसांत तळेगावला तंबू लागला की पडद्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचायचं काम माझ्याकडे असे, कारण फार थोड्यांना वाचता येई. मी शाळामास्तर, आवाज खणखणीत, आणि त्याची घमेंडही होती.

एका चित्रपटात नवरा लढाईवर गेलेला. त्याची आठवण निघाली की दर वेळी बायकोच्या खिडकीतला दिवा दाखवत. शेवटी तो दिवा विझला आणि पाटी आली, की तो रणात पडला. पुढ्यातच आंदर मावळातून चालत आलेली एक बाई बसली होती. तिचा नवराही लढाईवर होता. त्याची पत्रं मीच तिला वाचून दाखवी. वर्षभर ती पत्रंही यायची थांबली होती. मी वाचलं, "तो लवकरच घरी येईल."

खेळ सुटल्यावर ती माझ्यापाशी आली. मला वाटलं, दुवा देईल.

"मास्तर, दिवा तर इझला," ती म्हणाली. "मला पाटी वाचता येत न्हाई, पन दिवा कळतो. मंग मालकांच्या शेवटच्या पत्रात खरं काय व्हतं?"

ते पत्र मी अक्षर न अक्षर खरं वाचलं होतं. ते सांगायला माझ्याजवळ तोंड उरलं नव्हतं.