सत्त्याण्णवचे चौऱ्याहत्तर

सोनम बंडगरचा जन्मदाखला मेढ्याचा आहे, पण मेढ्यात तिचं कुणीच नाही. घर आटपाडी तालुक्यात. ती जन्मली त्या हिवाळ्यात तिच्या वडिलांची, हरिबांची, मेंढरं चरत चरत जावळीच्या डोंगराकडं गेली होती आणि आई तिथल्याच सरकारी दवाखान्यात बाळंत झाली, एवढंच. परदेशी विद्यापीठाच्या अर्जात जन्मस्थान म्हणून तिनं 'मेढा' लिहिलं आणि मला म्हणाली, "मॅडम, या गावात मी एकूण नऊ दिवस राहिलेय."

मी जरिना नदाफ. सांगलीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. सोनम माझी विद्यार्थिनी. पाचवीपासून वसतिगृहात वाढलेली, सुट्टी लागली की पिशवी उचलून मेंढरं जिथं असतील तिथं जाणारी. पहिली दोन वर्षं ती वर्गात तोंड उघडून काही बोलल्याचं मला आठवत नाही. शेवटच्या वर्षी प्रोजेक्टचे विषय मागितले तेव्हा मुलांनी नेहमीचंच दिलं. हॉटेलचं बुकिंग, ग्रंथालयाची नोंद, चेहऱ्यावरून हजेरी. त्यावर सोनमनं हात वर केला.

"मॅडम, माणसांचे चेहरे ओळखतात, तसे मेंढरांचे ओळखता येतील?"

वर्ग हसला. सोनमला राग आला. "हसायचं काय त्यात? माझी आत्या ओळखते. एकशेवीसच्या एकशेवीस."

मेंढरू चोरीला जातं, पुढं कुठल्या तरी बाजारात दिसतं, पण ते आपलंच आहे हे दाखवायचं कसं, हा तिच्या घरातला जुना प्रश्न होता. कानातला बिल्ला चोर उपटून टाकतो. चेहरा कुठं टाकणार? मला विषय आवडला.

ही आत्या म्हणजे बनाबाई, हरिबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला तेव्हापासून भावाच्या मेंढरांमागं. साठी ओलांडलेली बाई, लिहिता-वाचता येत नाही, पण मोबाईलवर सोनमचा फोटो बघून फोन उचलते. सोनम दिवाळीच्या सुट्टीत गेली आणि एकेका मेंढराचे चाळीस-चाळीस फोटो काढून आली. बनाबाई नाव सांगायची, सोनम लिहून घ्यायची. मोरी, काजळी, बोडकी, फुलकानी. या फोटोंवर तिनं कॉम्प्युटरला शिकवलं आणि काही फोटो परीक्षेसाठी बाजूला ठेवले. त्या परीक्षेत कॉम्प्युटरनं शंभरातले सत्त्याण्णव बरोबर सांगितले. प्रोजेक्टला कॉलेजचं पहिलं बक्षीस मिळालं. मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले.

पास झाल्यावर ती सांगलीतच एका छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात लागली. पण तिला पुढं शिकायचं होतं. फिनलंडमध्ये शिकायचा कॉम्प्युटरचा दोन वर्षांचा एक अभ्यासक्रम तिनं शोधून काढला. जगभरातून अर्ज येतात, मोजक्याच मुलांना पूर्ण शिष्यवृत्ती मिळते. मार्क, इंग्रजीची परीक्षा, शिक्षकांची दोन शिफारसपत्रं आणि दोन पानांचं निवेदन एवढं मागितलं होतं. आजवर काय केलं आणि इथं येऊन काय करायचंय, ते या दोन पानांत लिहायचं.

तिचा पहिला खर्डा मी वाचला. पहिलंच वाक्य, 'लहानपणापासून मला कॉम्प्युटरचं प्रचंड आकर्षण होतं.'

"लहानपणी तू कॉम्प्युटर बघितला होतास?"

"नाही."

"मग?"

"सगळे असंच लिहितात, मॅडम."

सातव्या खर्ड्यात कुठं मेंढरं आली, आणि मग ते निवेदन तिचं वाटायला लागलं. मी माझं शिफारसपत्र डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच पाठवून टाकलं. त्यात सत्त्याण्णव टक्के हा आकडा दोनदा होता. शेवटची तारीख दहा जानेवारी. आम्ही अगदी निवांत होतो.

तेव्हा हरिबांचा मुक्काम औंधजवळ होता, यमाईच्या डोंगराखाली एका रिकाम्या रानात. सोनमनं तो प्रोग्रॅम आता मोबाईलवर आणला होता. फोन मेंढरापुढं धरला की नाव सांगणारा. तो आत्त्याला दाखवायचाय म्हणाली. रविवार होता, मीही एस.टी.नं तिच्याबरोबर गेले. मलाही बनाबाईला बघायचं होतं.

बनाबाईनं मला आधी चहा दिला, मग सोनमकडं वळली. "दाव बघू तुजं ते."

सोनमनं मोरीपुढं फोन धरला. फोन म्हणाला, 'काजळी'.

"आँ?" बनाबाई म्हणाली. "ही काजळी व्हय?"

सोनमनं फोन जरा पुढं नेला, मागं आणला. काजळीच. बोडकीपुढं धरला तर फुलकानी. दहा मेंढरांपुढं धरला, तीन बरोबर आली. हरिबा समजुतीनं म्हणाले, "रेंज न्हाई हितं." सोनम पुटपुटली, "याला रेंज लागत नाही, दादा." तिच्या चेहऱ्याकडं मला बघवेना.

बनाबाई मात्र पुढं आली आणि मोरीचं तोंड दोन्ही हातांत धरून तिच्याकडं, मग फोनकडं असं दोनचारदा बघून म्हणाली, "ह्यो तोंड बघतच न्हाई गं."

"म्हणजे?"

"रंग बघतोय. गेल्या दिवाळीला हरिबानं काजळीच्या कपाळाला गुलाबी टिळा लावलाता. तवाच तू फोटू काडलंस न्हवं? अवंदा त्यो टिळा मोरीला लावलाय."

पाडव्याला मेंढरं रंगवायची पद्धत. हरिबांची त्यातली हौस दांडगी. कुणाला टिळा, कुणाला पट्टा, कुणाच्या पाठीवर हिरवी फुलं, आणि दरवर्षी वेगळी. आमचे शिकवायचे आणि परीक्षेचे सगळे फोटो एकाच दिवाळीतले. कॉम्प्युटरनं सोपी वाट धरली होती. चेहरा कशाला शिका, रंग पाठ केला की झालं.

"आसं न्हाई पटायचं," बनाबाई म्हणाली आणि पालात जाऊन रंगाचा डबा घेऊन आली. बोटानं तिनं बोडकीच्या कपाळाला गुलाबी टिळा लावला. "धर आता."

'काजळी', फोन म्हणाला.

दुसऱ्या एका मेंढीला लावला. 'काजळी'. मग बनाबाईनं इकडंतिकडं बघितलं आणि शेजारी उकिडवं बसलेल्या हरिबांच्या कपाळालाच बोट फासलं.

"आगं ए! काय करतीस?"

"गप बस रं. धर गं फोन."

सोनमनं धरला. फोन क्षणभर थांबला, आणि म्हणाला, 'काजळी'.

बनाबाई हसत हसत खालीच बसली. हरिबा कपाळ पुसायला गेले तर रंग गालभर झाला. मी किती तरी वर्षांत एवढी हसले नव्हते. सोनमही हसली, पोट धरून हसली. एखाद्याचं वर्षभराचं काम असं डोळ्यांदेखत कोसळतंय आणि तोच सगळ्यांत जास्त हसतोय, असं मी पहिल्यांदाच बघत होते.

परतीच्या एस.टी.त मात्र ती फोनमधले जुने फोटो एकेक करून बघत होती. विट्याच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा म्हणाली, "मॅडम, तुमचं पत्र गेलं ना?"

"गेलं."

"त्यात सत्त्याण्णव आहे."

"दोनदा आहे."

खरं सांगते, माझ्या मनात येऊन गेलं की तिकडं कोण मेंढरं मोजायला येणार आहे? आकडा खोटा नव्हता, त्या फोटोंवर तो निघालाच होता. मी तसं काही बोलायच्या आत सोनमच म्हणाली, "आत्त्यानं पकडलंय आता. तरी सत्त्याण्णवच लिहून पाठवलं, तर तिला काय सांगू?"

मग मीही बोलले. "चूक तुझ्याइतकीच माझी आहे. सगळे फोटो एकाच आठवड्यातले आहेत का, हे मी विचारायला हवं होतं. शिक्षक मी आहे."

दुसऱ्या दिवशी मी त्या विद्यापीठाच्या कार्यालयाला ईमेल लिहिला. माझ्या पत्रातला एक आकडा चुकीचा आहे, मला ते पत्र बदलायचं आहे. वीस वर्षांच्या नोकरीत असं पत्र मी कधी लिहिलं नव्हतं. चार ओळींना दोन तास लागले. दोन दिवसांनी उत्तर आलं. पत्राची जागा पुन्हा उघडून दिली आहे, कळवल्याबद्दल आभार.

सोनमनं ऑफिसातून चार दिवसांची रजा घेतली आणि औंधला जाऊन सगळ्या मेंढरांचे नवे फोटो काढले. जुन्या प्रोग्रॅमला हे नवे फोटो दाखवले तेव्हा सत्त्याण्णवचे एक्केचाळीस झाले. मग तिनं फोटोंतला रंग काढून टाकला, पाठ आणि रान कापलं, फक्त चेहरा ठेवला आणि कॉम्प्युटरला जुन्या दिवाळीच्या फोटोंवर पुन्हा शिकवलं. परीक्षा मात्र नव्या फोटोंवर. साठ. मग अडुसष्ट. जानेवारीच्या तीन तारखेला चौऱ्याहत्तर. त्यापुढं ढिम्म हलेना.

त्यात तिला आणखी एक कल्पना सुचली. तेच बिनरंगाचे शंभर चेहरे तिनं पुन्हा औंधला जाऊन लॅपटॉपवर बनाबाईला दाखवले. बनाबाईनं अठ्ठ्याण्णव बरोबर ओळखले.

"आनि दोन?"

"दोन चुकले, आत्त्या."

"चुकलं न्हाईत. फोटू हालवून काडलास तू, आनि मला चुकलं म्हनतीस?"

सोनमनं ते चुकलेलेच धरले. बनाबाई दोन दिवस तिच्याशी धड बोलली नाही.

अकरावा खर्डा शेवटचा ठरला. त्यात सोनमनं सरळ लिहिलं की माझं काम सत्त्याण्णव टक्के बरोबर आहे असं मी वर्षभर समजत होते, ते तसं नव्हतं, माझ्या आत्यानं रंगाचा डबा घेऊन ते दाखवून दिलं. आता मशीन चौऱ्याहत्तरवर आहे आणि आत्या अठ्ठ्याण्णववर. माझ्या दुरुस्त पत्रातही मी चौऱ्याहत्तरच लिहिलं आणि ते पाठवून दिलं. आठ जानेवारीला दुपारी माझ्या टेबलाशी उभं राहून तिनं अर्ज पाठवला आणि आम्ही दोघींनी कॅन्टीनमध्ये जाऊन भजी खाल्ली.

फेब्रुवारीत मुलाखतीचं बोलावणं आलं. व्हिडिओवर, तिकडचे तीन प्राध्यापक. आमच्या लॅबमध्येच तिला बसवलं. मी बाहेर काचेपाशी हजेरीपट चाळत असल्याचं सोंग करत उभी. अर्धा तास ठरलेला, पन्नास मिनिटं झाली. आतून एकदा हसण्याचा आवाज आला तेव्हा मी ओळखलं की हरिबांचं कपाळ आलं.

बाहेर आली तेव्हा तिच्या ओढणीच्या टोकाची पिळून पिळून दोरी झाली होती. "मार्कांचं दहाच मिनिटं विचारलं, मॅडम. बाकी सगळं आत्त्याचंच. एका बाईंनी विचारलं, त्या नेमकं काय बघून ओळखतात?"

"तू काय म्हणालीस?"

"मला माहीत नाही म्हटलं. तेच शोधायला तुमच्याकडं यायचंय."

पुढचे दोन महिने कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. सोनम दिवसातून चाळीस वेळा मेल उघडायची. मी चाळीस वेळा नाही, पण तीसेक वेळा तिला विचारायची.

एप्रिलच्या मध्यावर मी वर्गात असताना फोन वाजला. मी वर्गात कधी फोन घेत नाही, तो घेतला. पलीकडून आधी नुसताच आरडाओरडा. मग, "मॅडम, झालं! शिष्यवृत्तीसकट झालं!" मी पोरांना म्हटलं, "जा, आज सुट्टी," आणि स्कूटरची किल्ली शोधायला लागले.

मेंढरं तेव्हा तासगावात होती. द्राक्षं निघून छाटण्या चालू झाल्या होत्या आणि खाली पडलेला पाला मेंढरांना हवाच असतो. मागच्या सीटवर सोनम बसली. माझ्या कानाशी ती सबंध रस्ताभर बोलत होती आणि वाऱ्यानं मला त्यातलं निम्मंही ऐकू आलं नाही.

मेंढरं ज्यांच्या रानात होती त्या कुतुबुद्दीनभाईंच्या द्राक्षबागेच्या बांधावर बनाबाई बसली होती. सोनमनं लांबूनच ओरडून सांगितलं. बनाबाई उठली, पोरीच्या तोंडावरनं हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि मग तिला शंका आली.

"चूक झालीती, ते सांगितलंस न्हवं त्यास्नी?"

"सांगितलं की."

"तरी घेतलं?"

"सांगितलं म्हणूनच घेतलं असंल, आत्त्या."

बनाबाईनं जरा विचार केला. "मंग मानसं बरी हायत. जा."

हरिबा तोवर पळत आले. आधी सोनमला उचलायला गेले, ते जमेना तेव्हा माझा हात धरून हलवत राहिले. या सगळ्यात मेंढरांकडं कुणाचंच लक्ष राहिलं नाही, आणि त्यांतली वीस-पंचवीस शेजारच्या बेदाण्याच्या शेडमध्ये शिरली. खालच्या जाळीवर पसरलेला बेदाणा त्यांना पाल्यापेक्षा बरा वाटला.

कुतुबुद्दीनभाई हातात काठी घेऊन ओरडत आले. "आवं हरिबा! मेंढरं हायत का पावनं?" आम्ही चौघं शेडकडं धावलो. सोनम आत घुसून एकेकीला मानेला धरून बाहेर ओढत होती आणि हसत होती. धापा टाकत हरिबांनी कारण सांगितलं तेव्हा कुतुबुद्दीनभाईंनी काठी खाली टाकली.

"कुठं निघाली म्हनालास पोरगी?"

"इंग्लंडला!"

"फिनलंड, दादा," सोनम आतून ओरडली.

"तेच की."

कुतुबुद्दीनभाईंनी मेंढरांच्या तावडीतून वाचलेल्या बेदाण्याची ओंजळ भरली आणि सोनमच्या हातात ओतली. वर मला म्हणाले, "बाई, तुमी बी घ्या. ह्यो पिवळा हाय, लय गोड." आम्ही तिथंच शेडच्या सावलीत बसून मूठ मूठ बेदाणा खाल्ला. हरिबा एका हातानं खात होते आणि दुसऱ्या हातानं पाहुण्यारावळ्यांना फोन लावत होते. आटपाडीच्या मेव्हण्याला त्यांनी इंग्लंड सांगितलं, जतच्या साडूला हॉलंड. दर फोनला सोनम शेजारून दुरुस्ती करायची. पाचव्या फोनला, बहुतेक पुण्याच्या भाच्याला, ते मोठ्यानं आणि अगदी बिनचूक म्हणाले, "फिनलंड. फि-न-लं-ड. लिवून घे गड्या."