सुधाकरभाऊ आणि शाळेची भिंत

हजेरीपटासारखा किश्श्यांचाही एक पट शाळेत ठेवायला हवा. अकोल्याजवळच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत तर एका भिंतीनेच एवढे किस्से दिलेत की सांगायला मधली सुट्टी पुरत नाही.

त्या भिंतीवर गाव आणि जंगल रंगवायला आमच्या मुख्याध्यापिका वानखडे मॅडमनी जुन्या शहरातून सुधाकरभाऊंना बोलावलं. साठीचे गृहस्थ. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, मग फ्लेक्स आले आणि काम आटलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी असा वाघ काढला की पहिलीची पोरं व्हरांड्यात पाऊल ठेवेनात. दुसऱ्या दिवशी वाघ चक्क हसत होता.

"भाऊ, वाघ हसतो का कुठं?" मॅडमनी विचारलं.

"शाळेत ऱ्हायचं असन त हसाच लागते, मॅडम."

*

मग जंगलाच्या कडेला घागर घेतलेली बाई आली. गावातल्या तिघी जणी वेगवेगळ्या वेळी येऊन विचारून गेल्या, "भाऊ, हे मीच आहो ना?"

"मंग, दुसरं कोन?" भाऊंनी तिघींनाही सांगितलं.

चौथी भांडायलाच आली. "तिले काढलं, मले काहून नाई?"

भाऊंनी एका झाडामागून डोकावणारा हिरवा पदर रंगवला. "हे तुमी. लाजून राहिल्या."

*

नळाजवळ सुविचार हवा होता. मॅडमनी घाईत कागदावर सुविचार आणि त्याखाली कामाची मुदत लिहून दिली. दुसऱ्या दिवशी भिंतीवर सुरेख अक्षरात झळकलं, 'पाणी जपून वापरा उद्यापर्यंत पाहिजे'.

गावाला ते फार पटलं. नळ कुठे रोज येतो?

मॅडम मात्र भाऊंना बाजूला घेऊन बोलल्या. मी शेजारीच होते. भाऊ हळूच म्हणाले, "मॅडम, मी अक्षर काढतो. वाचता नाई येत."

 मॅडमनी सुविचार तसाच राहू दिला.

*

ही गोष्ट माझ्या दुसरीच्या वर्गातल्या आरोहीला कशी कळली, देव जाणे. ती रोज मधल्या सुट्टीत डबा घेऊन भाऊंजवळ बसायला लागली. "हे क. म्हना."

"क," भाऊ म्हणायचे. ब्रश चालूच.

एकदा ती मला म्हणाली, "बाई, ते हुशार आहेत. पन गृहपाठ करत नाईत."

*

चित्र पूर्ण झालं त्या दिवशी भाऊंनी कोपऱ्यात, कुठलाही कागद न बघता, लिहिलं: 'चीत्रकार सुदाकर'. शेकडो दुकानदारांची नावं रंगवलेल्या माणसाने स्वतःचं नाव पहिल्यांदाच लिहिलं होतं.

आरोहीने नीट वाचलं. लाल खडूने खाली '८/१०' लिहिलं आणि वर्गात निघून गेली.

मॅडम ओलं फडकं घेऊन धावल्या. "भाऊ, पोरीनं भिंत खराब केली. मी पुसते, तुम्ही तेवढं नाव दुरुस्त करून घ्या."

भाऊ आडवे आले. "नाव दुरुस्त केलं त मार्क खोटे होतीन, मॅडम."

त्यांनी लाल ऑइलपेंटचा डबा उघडला आणि खडूच्या त्या आकड्यांवरून, जराही इकडेतिकडे न जाता, सावकाश ब्रश फिरवला.