ग्रीसचा पातळ हात

शरदचंद्रांची जुनी गाडी महिन्यातून दोनदा दवाखान्यापर्यंत जाते, बस्स. पण लाड बघावेत तिचे! रेडिएटरचे रबरी पाइप दर चार वर्षांनी बदललेच पाहिजेत, आणि तेही घरीच. मागे एका मेकॅनिकने गळू नये म्हणून पाइपाला डिंकासारखं काहीतरी फासलं होतं, तेव्हापासून त्यांच्या लेखी मस्तगडातलं एकूण एक गॅरेज बिनकामाचं. आता त्यांचे हात थरथरतात. म्हणून ते खुर्ची टाकून हुकूम सोडतात आणि मुलगी निवेदिता बॉनेटखाली वाकते.

निवेदिता नवीन जालन्यातल्या बँकेत अधिकारी, वय एकोणचाळीस. आई गेल्यापासून घर, वडील, गाडी, सगळं तिच्याच गळ्यात. भाऊ मुकुल बंगळुरूहून पाइप कुरिअरने पाठवतो, स्वतः काही येत नाही. नागपूरची बढती तिने दोनदा नाकारली होती. ही तिसरी. आज पाचच्या आत होकार गेला नाही तर पुन्हा कुणी विचारणार नव्हतं. तिला जायचं होतं, अगदी मनापासून. वडिलांना मात्र अजून सांगितलंच नव्हतं. पाइप बसवता बसवता सांगू, असं तिने ठरवलं होतं.

इंजिन गार होतं, पाणी काढून झालं होतं. जुना पाइप रेडिएटरच्या तोंडाला असा चिकटला होता की हलेना. ती स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायला गेली तसे शरदचंद्र करवादले, तोंड फुटेल, ब्लेडने उभा चीर. तिने चिरला, सोलून काढला, तोंड घासून स्वच्छ केलं. मग रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस बोटाने पातळ फिरवलं आणि नवा पाइप सरकवला. सांगायचं कसं याच घोरात होती बाई, आवळायची क्लिप ओवायचीच विसरली.

पाइप पुन्हा काढावा लागला. जरासा पिळला, अलगद हातात आला.

म्हातारा खूश. "बघ, कसा सुटला! ग्रीसचा हात फिरवला की चिकटत न्हाई. चार वर्षांनी तुलाच काढायचाय. मंग मी असेन, नसेन."

चार वर्षांनी मीच इथे नसेन बाबा, हे वाक्य तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"हो बाबा," ती म्हणाली.

क्लिप ओवून तिने पाइप बसवला, पाणी भरलं, गाडी चालू केली. एक थेंब गळला नाही. शरदचंद्र समाधानाने आत गेले. तिला संताप आला, वडिलांचा थोडा, स्वतःचा जास्त. पाचला दहा कमी होते. बुळबुळीत बोटांनी तिने बँकेला नकार कळवला, आणि उरलेल्या ग्रीसच्या ट्यूबचं झाकण घट्ट लावून ती पुढच्या वेळेसाठी कपाटात ठेवली.