डावी टाच

जमिनीवर बसताना मावशी आधी डावी टाच अंगाखाली घेत आणि मग तिच्यावर सगळा देह अलगद टेकवीत. चटई असो, पाट असो, बैठक तीच. तुमच्याही ओळखीत अशी बसणारी एखादी बाई असेल. आठवून पाहा. मला ती नृत्यातली मुद्रा वाटे. इतकी मी अजाण होते.

घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत त्यांचं घर होतं, आणि डोंगराखालच्या इमारतींत बाळ-बाळंतिणीला मालिश करण्याचं काम. माझी मुलगी बारा दिवसांची असताना त्या प्रथम आल्या. दार उघडताच मोगऱ्याचा वास आत आला, मागोमाग खोबरेलाचा, आणि त्या दोहोंच्या तळाशी तिसरा एक, फुलदाणीतल्या शिळ्या पाण्यासारखा. मी तो फुलांचाच मानला.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातातली बादली काढून घेतली. "उचलू नको गो. चाळीस दिस होवंदेत." मग माझ्या नवऱ्याकडे वळून, "तुमका हात आसत मां? मग बादली कोणाची वाट बघता?"

सासूबाई अभिमानाने म्हणाल्या, "आम्ही आठव्या दिवशी विहिरीवर जात होतो."

"म्हणान तर शिंकताना खुर्ची धरूची लागता, आजी."

सासूबाई चहा टाकायला म्हणून उठल्या, त्या बराच वेळ स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत.

माझे चाळीस दिवस संपले. त्यानंतरच्या एका सकाळी मुलीला उचलून घेताना आत काहीतरी एक पायरी खाली उतरल्यासारखं झालं. दुखलं नाही. नुसता ओलसर, अनोळखी जडपणा. मावशींना सांगितलं तेव्हा बाळाच्या पाठीवरून फिरणारे त्यांचे हात थांबले.

"अंग खाली येता," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "घाबरू नको. तुझा थोडा असतला. माझा तर पुरा बाहेर होता."

मग तेल चोळता चोळता त्यांनी आपली गोष्ट सांगितली. तिसऱ्या बाळंतपणानंतर आठव्या दिवशी डोक्यावर हंडा आणि डोंगराच्या पायऱ्या. त्यानंतर कित्येक वर्षं बसताना टाचेनेच सगळं आत लोटलेलं. शेवटी एका दवाखान्यातल्या बाईंनी रिंग बसवली. "रबराची बांगडी असता. बसवली नि सगळा जागच्या जागी. टाचेक मात्र सवय लागली ती लागलीच."

मी तपासून घेतलं. डॉक्टर तरुण होत्या, बोलण्याने चोख. गर्भाशय, मूत्राशय यांना तोलून धरणारे स्नायू बाळंतपणात ताणले जातात, ते सावरण्याआधी भार पडला की अवयव खाली सरकू लागतात, असं त्यांनी समजावलं. मला त्या स्नायूंचा व्यायाम शिकवला आणि जड उचलायला बंदी केली. पुढे गरज पडलीच तर रिंग, नाहीतर शस्त्रक्रिया. "रिंग चांगली असते," त्या म्हणाल्या, "फक्त दर काही महिन्यांनी काढून, धुऊन, आतली जागा तपासावी लागते."

मला तो तिसरा वास आठवला.

"मावशी, रिंग कधी बसवली होती?"

"धाकटीच्या लग्नाआधी."

धाकटीची मुलगी दुसरीत होती.

"आणि दाखवलीत कधी?"

"दाखवूक काय झाला? दुखणा नाय, खुपणा नाय." ती काढून तपासावी लागते असं मी सांगितलं, तेव्हा म्हणाल्या, "जाऊ गो. ह्या तिसऱ्या मजल्यावरल्या बाळंतिणीचे चाळीस होवंदेत."

तिचे चाळीस झाले. मग समोरच्या इमारतीत जुळी झाली. मग आणखी कुणी. दुसऱ्यांचे दिवस राखणाऱ्या या बाईच्या वाट्याला मोकळा दिवस म्हणून येईना. मावशींच्या केसांतले मोगऱ्याचे गजरे मात्र एकाचे दोन झाले, दोनाचे तीन. मी नाकाने श्वास न घेता बोलत राहिले, पुढच्या आठवड्यात नक्की नेऊ असं स्वतःला सांगत राहिले.

एका दुपारी त्या उठल्या आणि चटईवर तांबूस डाग दिसला. त्यांनी त्यावर पटकन पाऊल ठेवलं. मी त्या पावलाकडे पाहिलं आणि पायांत चपला घातल्या. रिक्षात त्यांनी केसांतला गजरा सोडवून माझ्या ओंजळीत ठेवला. "आता कशाक व्हयो," म्हणाल्या.

रिंग मांसात रुतून बसली होती. भूल देऊन ती काढावी लागली, जखमा भरायला दोन महिने गेले आणि मग मोठी शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर चिडल्या होत्या. "मावशी, चष्मा रोज पुसता ना? मग हिला कशा विसरलात?" घरी सोडताना त्यांनी बजावलं, दोन महिने काहीही जड उचलायचं नाही.

"माझ्या चाळीसात तुम्ही वीस घातलात," मावशी हसल्या.

लेक गावाहून येऊन दहा दिवस राहिली आणि परतली. "पाणी कोण भरणार?" मी फोनवर विचारलं.

"शेजारीण भरता. तू येऊन उचलू नको गो. तुका बंदी आसा."

रविवारी नवऱ्याला पाठवते, मी म्हटलं.

शुक्रवारी सकाळी डब्यात पेज घेऊन मी डोंगर चढू लागले. खालच्या नळापासून पायऱ्यांवर पाण्याचे थेंब होते, आणि मध्ये मध्ये हंडा टेकल्याचे गोल, ओले ठसे. आधी वीसेक पायऱ्यांवर एक. मग दहावर. मग पाचांवर. शेवटी प्रत्येक पायरीवर एकेक, काठाला काठ लागलेले. मी चढण्याचा वेग वाढवला, पण मावशींना हाक मारायचं धाडस झालं नाही.

दार उघडं होतं. शेजारीण उंबऱ्याबाहेर उभी होती. "नळ आज लवकर आला ओ. मी भरणारच होते, पोरांचे डबे भरत होते. इथेच कोसळल्या. रक्त थांबेना. मागच्या वाटेने नेलं आत्ताच, चादरीत घालून."

दवाखान्यातून मावशी जिवंत परतल्या नाहीत.

त्या सकाळी हंडा उंबऱ्याशी तसाच होता, भरलेला. उचलणाऱ्यांचा धक्का लागून पाणी अजून हलत होतं. मी वाकले, आणि हात मागे घेतला.